संकल्प 2020 आणि वरच्या वाडीचा झरा

आमच्या मंडळाने 2012 मध्ये 'संकल्प 2020' नावाची पुस्तिका काढली. ती मी लिहिली होती. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर डोंगर, मागे उगवता सूर्य आणि डोंगरातून खाली येणारी एक निळी रेघ. ती रेघ म्हणजे नळाचं पाणी, हे शेवटच्या पानावर खुलासा करून सांगावं लागलं होतं. पहिल्या पानावर मोठ्या टायपात एकच वाक्य होतं: '2020 पर्यंत आपले गाव टंचाईमुक्त, स्थलांतरमुक्त आणि स्वयंपूर्ण होईल.' मी तेव्हा मंडळाचा सरचिटणीस. हे वाक्य मला इतकं आवडलं होतं की वर्धापनदिनाच्या भाषणात मी ते दोनदा म्हटलं आणि टाळ्याही दोनदा घेतल्या. सभागृह मुंबईत होतं, आणि टाळ्या वाजवणारे सगळे पोटासाठी गाव सोडून आलेले होते. स्थलांतरमुक्तीला त्यांनी टाळ्या का वाजवल्या, हा प्रश्न मला त्या दिवशी पडायला हवा होता.

पोलादपूर तालुक्यातल्या गावांना दोन पत्ते असतात, एक डोंगरातला आणि एक मुंबईतला. गिरण्या चालू होत्या तेव्हा लालबाग-परळच्या चाळींत गावाची म्हणून खोली असायची. नोकरी लागेपर्यंत गावचा माणूस तिथे पथारी टाकायचा. त्या खोल्यांमधून ही मंडळं उभी राहिली. आता खोल्या गेल्या, माणसं दिवा-विरारपर्यंत पांगली, मंडळ मात्र टिकून आहे. घरटी वर्गणी, शाळेच्या वर्गात रविवारची सभा, मागील सभेचं इतिवृत्त, आयत्या वेळचे विषय. देवळाचा जीर्णोद्धार असो की शिमग्याची पालखी, पैसा मुंबईहून जातो आणि पैशाबरोबर हुकूमही जातो. आमच्याकडे सभासद म्हणजे घरटी एक पुरुष. गावात बारा महिने राहणार कोण? म्हाताऱ्या, सुना, शाळेतली पोरं आणि निवृत्त होऊन परतलेले चारदोन जण. म्हणजे ज्यांच्या गावाचं भवितव्य मी लिहीत होतो, त्यांच्यातल्या बहुतेकांना मंडळात मतच नव्हतं. त्यांना विचारण्याची पद्धत नव्हती, म्हणून मीही विचारलं नाही.

मी ज्या कंपनीत होतो तिथे आम्हा सुपरवायझरांना एकदा निवासी प्रशिक्षणाला पाठवलं होतं. नेत्याला व्हिजन हवं, ते एका वाक्यात सांगता यायला हवं, त्याला साल जोडलेलं हवं, असं तिथे शिकवलं. मी तिन्ही गोष्टी तंतोतंत केल्या. चौथी गोष्ट अशी होती की ते वाक्य ज्यांना अमलात आणायचं आहे त्यांच्याबरोबर बसून तयार करावं. त्या तासाला मी बाहेर व्हरांड्यात फोनवर बोलत होतो. हे खरं आहे आणि थोडं लाजिरवाणंही.

आता पाण्याविषयी. आमच्या भागात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि एप्रिलमध्ये टँकरची वाट बघावी लागते. बाहेरच्या माणसाला हे पटत नाही. पण डोंगर उभा, माती पातळ, खाली काळा कातळ. पडलेलं पाणी थांबत नाही, वहाळातून सावित्रीला मिळतं आणि बाणकोटच्या खाडीकडे निघून जातं. कुठे कपारीत मुरलेलं पाणी झऱ्यावाटे वर येतं, त्यावर वाड्या जगतात. आमच्या गावात असा एक झरा वरच्या वाडीच्या डोक्यावर आहे. तो मे महिन्यातही आटत नाही, बारीक होतो. आमची खालची वाडी मोठी, मंडळात आमचीच माणसं जास्त. झऱ्यावर टाकी बांधायची, तिथून पाइप टाकून पाणी आपल्या उताराने खाली आणायचं, वीज नको, पंप नको, अशी योजना मी मांडली. कागदावर ती बिनचूक होती. आजही मला ती कागदावर बिनचूकच वाटते.

ज्या जागेत झरा आहे तिच्या सातबाऱ्यावर नावांची रांग आहे. त्यातली बरीच नावं मुंबईत राहणाऱ्यांची. मी एका रविवारी वरच्या वाडीच्या मुंबईकर पुरुषांना बोलावलं, चहा पाजला आणि संमतीपत्रावर सह्या घेतल्या. सगळं कायदेशीर. त्या झऱ्याच्या वाहत्या पाण्यावर वरच्या वाडीच्या बायका धुणं धुतात, गुरं पाणी पितात, खालच्या बाजूला दोन-चार वाफे भाजी निघते, हे सह्या करणाऱ्यांना माहीत होतं आणि मलाही होतं. पण त्या पाण्याचा सातबारा नसतो.

तरी काम काही वर्षं रखडलं होतं, कारण वर्गणी जमत नव्हती. ते पुन्हा पेटवलं ते सावित्रीच्या पुलाने. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळचा इंग्रजांच्या काळातला पूल पुरात वाहून गेला आणि दोन एसटी गाड्या व इतर वाहनं माणसांसकट नदीत गेली. आम्ही सगळे त्याच पुलावरून गावी ये-जा करायचो. त्या रात्री कोणाचं कोण गाडीत होतं हे कळेपर्यंत घराघरांत फोन चालू होते. नवा पूल 165 दिवसांत उभा राहिला आणि 5 जून 2017 ला खुला झाला. मी पुढच्याच सभेत गरजलो: सरकार 165 दिवसांत सावित्रीवर पूल बांधतं आणि आपल्याला पाच वर्षांत एक नळ आणता येत नाही! माणसं पेटली. वर्गणी वसूल झाली, शिवाय काही जणांनी पदरचे दिले. भाषण म्हणून ते यशस्वीच होतं. पण तुलना चुकीची होती, आणि ती माझ्या पुढच्या सगळ्या वागण्यात मुरली. पुलाला एकच मालक होता, पैसा मंजूर होता आणि तो कुठे बांधायचा याबद्दल दोन्ही काठांवर वाद नव्हता. आमच्या झऱ्याला दोन काठ होते आणि मी एकाच काठावर उभा राहून दिवस मोजत होतो.

पावसाळा संपल्यावर काम झालं. नारळ फुटला, नळाला पाणी आलं, म्हाताऱ्यांनी नळाला हळदकुंकू लावलं. मार्चमध्ये झरा बारीक झाला, तेव्हा होतं तेवढं सगळं पाणी टाकीत आणि टाकीतून खाली. वरच्या वाडीचा पाट कोरडा पडला. मग एके सकाळी आमचा नळ कोरडा. पाइपचा सांधा कोणीतरी रात्री उघडला होता. पाइप कापला नव्हता, नुसता सांधा सोडवला होता आणि नट-बोल्ट दगडावर नीट ठेवले होते. त्या नीट ठेवलेल्या नट-बोल्टचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. त्यांना पाइप मोडायचा नव्हता, पाणी वाटून हवं होतं. मी गावी धावलो ते भांडायच्या तयारीनेच. वरच्या वाडीतल्या एका वयस्क काकींनी मला ओटीवर बसवून पाणी दिलं आणि म्हणाल्या, "सह्या मुंबईत घेतल्यास रे. पाणी भरतो आम्ही." मी त्यांना संमतीपत्राची झेरॉक्स दाखवली. त्यांना वाचता येत नव्हतं हे मला माहीत होतं.

यानंतर मी जे केलं ते सांगायला सगळ्यात जड जातं.

मुंबईला परतून मी तातडीची सभा लावली. वरच्या वाडीच्या ज्या घरांवर आमचा संशय होता, त्यांची वर्गणी घ्यायची नाही, कार्यात त्यांना धरायचं नाही, असं ठरवून घेतलं. खजिनदार वयाने माझ्याहून लहान. तो उभा राहून म्हणाला, "दादा, हे वाळीत टाकणं झालं. याला आता कायदा आहे." तो बरोबर बोलत होता. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा 2016 चा, लागू झाला जुलै 2017 मध्ये, आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. तो करावा लागला त्याला रायगड जिल्ह्यातल्या गावकीच्या प्रकरणांनीही मोठा हातभार लावला होता, हे आम्ही सगळे पेपरात वाचत होतो आणि 'ती खालच्या किनाऱ्याकडची गावं' असं म्हणून पान उलटत होतो. खजिनदाराला मी उत्तर दिलं, "मग इतिवृत्तात लिहू नका." सभा हसली. ठराव लिहिला गेला नाही आणि वर्षभर पाळला गेला. त्या शिमग्याला पालखी वरच्या वाडीत गेली खरी, पण सगळीकडून फिरून झाल्यावर, काळोख पडल्यावर.

सर्वांना पाणी द्यायला निघालेला माणूस पाण्यावरूनच माणसं बाजूला काढत होता. आणि कुठे? महाडच्या शेजारच्या तालुक्यात.

चवदार तळ्याचा इतिहास मला पाठ होता, म्हणजे स्पर्धा परीक्षेत विचारतात तेवढा. 20 मार्च 1927, डॉ. बाबासाहेब आंबेडकर, महाड. त्यापलीकडचं मी वाचलं ते बरंच उशिरा, खजिनदाराने पुस्तकं आणून दिली तेव्हा. रागाने दिली होती. त्यातल्या दोन गोष्टींनी मला माझ्या पुस्तिकेकडे परत बघायला लावलं.

पहिली गोष्ट ठरावांची. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने 1923 मध्ये मंजूर केला. महाड नगरपालिकेने 1924 मध्ये आपलं तळं खुलं असल्याचा ठराव केला. सुरबानाना टिपणीस यांच्यासारखा माणूस त्यामागे होता. पण तळ्यावर पाणी प्यायला कोणी जाऊ शकलं नाही. कागद तीन वर्षं कागदच राहिला. तो हलवला दासगाव-महाडकडच्या रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारख्या तरुणांनी. मोरे याच मातीतले, शाळेत प्रवेश मिळवण्यापासून झगडलेले. परिषद महाडला व्हावी म्हणून ते बाबासाहेबांच्या मागे लागले आणि गावोगाव फिरून त्यांनी माणसं तयार केली. मार्चमध्ये तळ्याकडे निघालेल्या मिरवणुकीत जी माणसं होती, ती कुठे जातो आहोत हे समजून निघाली होती. माझा 'संकल्प' नगरपालिकेच्या त्या ठरावासारखा होता. ठराव चांगलाच होता, पण त्याच्या मागे पायी फिरलेला कोणी नव्हता.

दुसरी गोष्ट डिसेंबरची. ती शाळेत कोणी सांगत नाही, कारण ती थांबण्याची गोष्ट आहे. मार्चमध्ये पाणी प्यायल्यावर परिषदेला आलेल्यांना मारहाण झाली, सनातन्यांनी तळं 'शुद्ध' करून घेतलं, ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपलाच ठराव रद्द केला. म्हणून 25 डिसेंबरपासून पुन्हा परिषद, आणि या वेळी उघड सत्याग्रह. विरोधकांनी कोर्टात धाव घेतली आणि 14 डिसेंबरला तात्पुरता मनाईहुकूम मिळवला. मंडपाला जागा मिळेना, ती एका मुसलमान गृहस्थांनी दिली. बाबासाहेब मुंबईहून बोटीने दासगावला उतरले आणि तिथून चालत महाडला आले. पहिल्या रात्री मनुस्मृती जाळली. दुसऱ्या दिवशी सत्याग्रहासाठी हजारो लोकांनी नावं नोंदवली. तुरुंगात जायची तयारी करून, घरी निरोप देऊन आलेली माणसं होती ती. आणि 27 तारखेला बाबासाहेबांनी त्यांनाच सत्याग्रह तूर्त तहकूब करायला सांगितलं. समोर विरोधक आहेत, त्यात सरकारही विरोधात उभं करून घ्यायचं नाही, कोर्टाचा निकाल लागू द्यायचा. पेटलेल्या हजारोंच्या सभेपुढे हे बोलायला काय लागत असेल? लोकांनी ऐकलं. तळ्याला वळसा घालून मिरवणूक गेली आणि पाण्याला हात न लावता परतली. उच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला तो 17 मार्च 1937 ला. जवळजवळ दहा वर्षांनी.

हे वाचताना मी बराच वेळ एकाच प्रश्नावर अडून होतो. ते थांबू शकले, मला का थांबता आलं नाही? उत्तर त्यांच्या परिषदेतल्या भाषणातच आहे. तिथलं पाणी मिळालं नाही तर आपण मरणार आहोत म्हणून आपण तळ्यावर जात नाही, आपणही इतरांसारखी माणसं आहोत हे सिद्ध करायला जातो, असं त्यांनी सांगितलं होतं. ज्याला काय हवं आहे ते इतकं स्पष्ट दिसतं, त्याला तळ्याच्या काठावरून मागे फिरता येतं. तारीख पुढे गेली म्हणून ध्येय हलत नाही. मला काय हवं होतं? गावाला पाणी, असं मी सांगायचो. खरं म्हणजे मला 2020 च्या आत, माझ्या कारकिर्दीत, खालच्या वाडीत नळ हवा होता आणि त्याच्या उद्घाटनाचा फोटो हवा होता. त्यामुळे मार्चमध्ये वरचा पाट आटल्यावर वॉल बंद करण्याचं धाडस मला झालं नाही. वॉल बंद करणं म्हणजे हरणं, असं मी धरून चाललो. पुढाऱ्याला दूरचं दिसलं पाहिजे असं सगळेच म्हणतात. मला दिसत होतं ते पुस्तिकेचं शेवटचं पान होतं.

आणि 2020 आलं. गाव खरोखरच भरलं. टाळेबंदीत मुंबईकर मिळेल त्या वाहनाने, काही जण घाट चालत, गावी परतले. शाळेत विलगीकरण, गावाबाहेर अडसर, आपल्याच माणसांना लांबून नमस्कार. स्थलांतरमुक्तीचं माझं वाक्य असं पुरं झालं. माणसं दुप्पट आणि झरा तेवढाच. त्या मे महिन्यात दोन्ही वाड्यांच्या बायकांनी आम्हाला न विचारता वेळ वाटून घेतली: दिवसा पाणी वर, रात्री टाकी भरायला. मंडळाचे सगळे पदाधिकारी तेव्हा गावातच होते आणि कोणाचंही मत कोणी मागितलं नाही. जूनच्या सुरुवातीला निसर्ग वादळ आलं, कौलं उडाली, ती वाटणी मात्र टिकली.

पुढचं वर्ष आणखी वाईट. 22 जुलै 2021 ला सावित्री आणि गांधारीने महाड शहर बुडवलं, तळीये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. आमच्या तालुक्यात साखर सुतारवाडी आणि केवनाळे इथे घरं गाडली गेली. फोन बंद, रस्ते बंद, आम्ही मुंबईत बसून कोण जिवंत आहे याची यादी करत होतो. आमच्या वाड्या वाचल्या, पाइपलाइन मात्र बरीचशी डोंगराबरोबर खाली गेली. मी त्या रात्री 'संकल्प 2020' काढून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. वाचनालय होतं, अभ्यासिका होती, महाबळेश्वरला जाणाऱ्या पर्यटकांसाठी घरगुती निवास होते. दरडीवर एक ओळ नव्हती. जुलै 2005 मध्ये महाड तालुक्यातल्या जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते या गावांवर डोंगर आले होते, दीडशेच्या वर माणसं गेली होती. ते होऊन सातच वर्षं झालेली असताना मी पुढच्या आठ वर्षांचं चित्र काढत होतो आणि घराच्या मागचा डोंगर त्यात फक्त शोभेसाठी होता. गावातल्या कोणत्याही म्हाताऱ्याला विचारलं असतं तर त्याने कुठे भेग पडली आहे, कुठला वहाळ दिशा बदलतो आहे, हे पहिलं सांगितलं असतं.

मदत पाठवतानाही जुनी खोड गेली नाही. यादी मुंबईत केली. बिस्किटं आणि ब्लँकेटं गेली, ती आधीच ढीगभर आली होती. हवं होतं ताडपत्री, टॉर्चचे सेल, स्वयंपाकाची भांडी आणि पायवाट मोकळी करायला चार धडधाकट माणसं. ही चूक लहान, पण सवय तीच.

मी पद सोडलं. कोणी काढलं नाही, आणि थांब म्हणूनही कोणी म्हटलं नाही. खजिनदार आता सरचिटणीस आहे. पाइपलाइन पुन्हा टाकताना त्याने वरच्या वाडीत बैठक घेतली, ती घराघरांत जाऊन सांगून. टाकीला आता दोन तोंडं आहेत आणि वॉलची चावी वरच्या वाडीतल्या एका सुनेकडे असते. एप्रिलमध्ये आमच्या नळाला एक दिवसाआड पाणी येतं. पुस्तिकेत रोज लिहिलं होतं. ज्या काकींना मी झेरॉक्स दाखवली होती त्या मधल्या काळात वारल्या. त्यांच्या दिवसकार्याला मी गेलो होतो, पण त्यांच्याशी त्या विषयावर बोलायचं राहूनच गेलं.

महाड-पोलादपूरच्या कुठल्याही गावाच्या मंडळाचं पद तुमच्याकडे असेल, तर माझी एक विनंती आहे. वार्षिक सभा मे महिन्यात गावातच घ्या आणि संध्याकाळी घ्या, पाणी भरून झाल्यावर. सभासदत्व घरटी एका पुरुषाचं असेल तर तो नियम आधी बदला. पुढच्या दहा वर्षांचं जे काही लिहायचं ते नंतर लिहा, आणि सभेत जे बोललं जाईल ते सगळं इतिवृत्तात येऊ द्या.